करकोच्याची निरवानिरव

“निरवानिरव केलीस?” बुवांनी विचारलं.

इंद्रजित विमानाच्या पोटाखाली उताणा पडून चाकाच्या झडपेचा स्क्रू आवळत होता. तो तसाच पडल्या पडल्या हसला.

“सगळं झालंय बुवा. तुम्ही तेवढं ‘जा’ म्हणा.”

“मी काय विचारलं?”

“केली की ओ.”

“…”

बुवा गप्प बसले की माळावरची माणसं आपापल्या खिशात काहीतरी शोधायला लागतात. मीही गाडीच्या किल्ल्या शोधल्या.

आमचा माळ म्हणजे एका साखर कारखान्याने कधीकाळी केलेली धावपट्टी. खरं विमान इथे उतरल्याला जमाना झाला. आता रविवारी आम्ही येतो, कोल्हापूर, सांगली, कराडहून, टेम्पोत नाहीतर गाडीच्या टपावर आपापली विमानं बांधून. रिमोटवर उडणारी मॉडेल विमानं. पोरं आम्हाला हसतात. बायका हसत नाहीत, नुसत्या बघतात, आणि ते जास्त लागतं.

बुवा म्हणजे दिगंबर ओगले. उभा जन्म त्यांनी लोकांना ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवायला शिकवण्यात घालवला. आता पट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच राहतात. छातीपर्यंत दाढी. कुणीतरी एकदा हवाबुवा म्हणालं आणि ते चिकटलं.

नव्या विमानाने बुवांच्या ‘जा’शिवाय जमीन सोडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. आणि ‘जा’ म्हणण्याआधी बुवा एकच प्रश्न विचारतात.

रिमोट आणि विमान यांच्यामध्ये एक अखंड हाक चालू असते. ती कधीतरी तुटते. का तुटली ते मागाहून कळतं, पुष्कळदा कळतही नाही. तुटली तर काय करायचं, हे विमानाला आधीच शिकवून ठेवावं लागतं. इंजिनं बंद कर, शेपूट मुरड आणि जिथे असशील तिथेच खाली ये. लांब जाऊन कुणाच्या डोक्यात पडू नकोस.

शिकवायचं म्हणजे रिमोटवरची दोनचार बटणं दाबायची. पण ज्याने विमान बांधलं, त्यानेच ती दाबायची. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस घराच्या किल्ल्या, गुरं, म्हाताऱ्यांची औषधं असं सगळं कुणाकुणावर सोपवून मग उंबरा ओलांडतो. त्यावरून बुवांनी ह्या कामाला निरवानिरव म्हणायला सुरुवात केली.

ऐकायला सोपं आहे. करताना भल्याभल्यांचे हात जड होतात.

“केली म्हणतोस ना,” बुवा म्हणाले. “मग दाखव.”

इंद्रजित पोटाखालून बाहेर आला. पाठीची माती झटकली.

इंद्रजित मगदूम. कोल्हापूरला फाउंड्री आहे त्याची. माणूस हुशार, आणि तो हुशार आहे हे तुम्हाला विसरू न देणारा. चार वर्षांपूर्वी बुवांच्या हाताखाली शिकायला आला आणि दुसऱ्या वर्षी बुवांना शिकवायला लागला. बुवांनी तेही ऐकून घेतलं.

त्याने बांधलेलं विमान मात्र… त्याबद्दल वाकडं बोलायला जीभ धजणार नाही.

दोन इंजिनांचं प्रवासी जेट. लांबीला छोट्या मोटारीएवढं, वजनाला सिमेंटच्या पोत्याच्या जवळपास. पंखांखालची इंजिनं थर्मासएवढी, पण खरीखुरी जेट, रॉकेलवर चालणारी. चाकांचे हब त्याने स्वतःच्या भट्टीत ओतले होते. बांधायला तीन वर्षं लागली होती.

रंग त्याच्या बायकोने, पद्मजाने दिला होता. नावही तिचंच. करकोचा. हिवाळ्यात धरणावर करकोचे उतरतात, ते बघायला ती दर वर्षी जाते.

करकोच्याच्या दोन्ही अंगांना खिडक्यांची रांग होती आणि प्रत्येक खिडकीत पद्मजाने बारीक ब्रशने एकेक प्रवासी बसवला होता. पंखाच्या मागच्या खिडकीत एक म्हातारी होती. डोक्यावर पदर, नाक काचेला चिकटवलेलं. ती इंद्रजितची आई. तिला जन्मात एकदा विमानात बसायचं होतं. तिकीट काढू काढू म्हणता ती गेली.

सकाळी टेम्पोतून विमान उतरवताना इंद्रजित म्हणाला होता, “आज आईला फिरवून आणतो.”

त्यावर कुणी चेष्टा केली नाही. आम्ही इतकेही नालायक नाही.

“काय दाखवू बुवा?” तो आता विचारत होता.

“शेपटीला दोर बांध. इंजिनं लाव. मग रिमोट बंद कर.”

“अहो, उन्हं चढली की वारं सुटतंय इथं. तुम्हीच सांगता की.”

“दोर बांध.”

दोर मी बांधला. जमिनीत ठोकलेल्या पहारीला पक्की गाठ मारली आणि बाजूला झालो.

इंजिनांनी आधी बारीक शीळ घातली. मग आवाज भरत गेला आणि रॉकेलचा गरम वास माळभर पसरला. पद्मजा आग विझवायचं नळकांडं घेऊन उभी होती. तिचं ते नेहमीचं काम. इंद्रजितने जोर वाढवला. दोर ताणला गेला.

“बंद,” बुवा म्हणाले.

इंद्रजितने बुवांकडे पाहिलं. मग रिमोटचं बटण दाबून धरलं. रिमोटवरचा दिवा विझला.

आता इंजिनांनी बंद व्हायचं होतं. ती झाली नाहीत.

करकोचा तसाच गर्जत राहिला. पट्टीवर इतकी माणसं उभी, पण त्याचा लगाम कुणाच्याही हातात नव्हता. दोर थरथरत होता. पहार थोडी कलली. आम्ही सगळे न ठरवता दोन पावलं मागे सरलो.

“चालू कर रे!” मी ओरडलो.

त्याने रिमोट परत चालू केला, इंजिनं बंद केली. शीळ खाली खाली येत थांबली.

“हाक तुटली तरी हे चाललंच आहे,” बुवा म्हणाले. “कुठे चाललंय?”

इंद्रजितची मान खाली गेली. पण लगेच वर आली.

“शेवटचा हुकूम धरून ठेवायला सांगितलंय त्याला. सरळ जात असलं तर सरळ जात राहील. बुवा, हाक तुटते ती पापणी लवायच्या आत परत जुळते ओ. दोन रिसीव्हर आहेत, दोन बॅटऱ्या आहेत. एवढ्यासाठी तीन वर्षं मातीत घालू?”

“नाही जुळली तर?”

“जुळणार.”

“नाही जुळली तर?”

इंद्रजित गळ्यातला रिमोटचा पट्टा नीट करायला लागला.

“सरळ म्हणजे कुठे, इंद्रजित?”

बुवांनी बोट दाखवलं नाही. तरी आम्ही सगळ्यांनी पूर्वेकडे पाहिलं.

पट्टी संपते तिथे एक नांगरलेलं शेत आहे. शेताच्या पलीकडे ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या, वर निळा कागद घातलेल्या पाचसहा. उन्हाळ्यात इंद्रजितने उड्डाणाचा मार्ग आखला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. हंगाम सुरू झाला आणि त्या उभ्या राहिल्या. एका कोपीतून धूर निघत होता.

“लांब आहेत ओ त्या,” इंद्रजित म्हणाला. “मी तिकडं जाणारच नाही.”

“तू नाही जाणार.”

“मग?”

बुवांच्या आधी बोलली ती पद्मजा.

“मला पण केली म्हणूनच सांगितलंत,” ती हळू आवाजात म्हणाली.

इंद्रजित तिच्याकडे वळला.

“अगं, आई बसवलीयस तू त्याच्यात. माझ्या हातानं सांगू त्याला, पड म्हणून?”

मला त्याचा मघापासून राग येत होता. खोटं बोलला, तेही बुवांशी आणि बायकोशी. पण हे ऐकलं आणि त्यातला निम्मा राग गेला. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही.

“नको सांगूस,” बुवा म्हणाले.

“काय?”

“आहे तसंच उडव. मला फक्त जरा चालू दे.”

त्यांनी आपली घडीची खुर्ची उचलली, काखेत मारली आणि पूर्वेकडे निघाले.

बुवांचा डावा गुडघा दुखरा आहे. पट्टीवरून ते बरे चालले, पण पुढे नांगरट लागली. ढेकळांतून पाय उचलून टाकताना त्यांना खुर्चीचाच आधार घ्यावा लागत होता. मी मदतीला धावलो, तर त्यांनी खुर्ची माझ्यावर उगारली. मी परत फिरलो.

चहाचा थर्मास उघडा पडला होता, त्याचं झाकणही कुणी लावलं नाही.

बुवा कोप्यांपाशी पोचले. डोळ्यांवर हात धरूनच बघावं लागत होतं, कारण ऊन समोरून येत होतं. त्यांनी दोन कोप्यांच्या मधे खुर्ची उघडली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. एका कोपीतून कुणी बाई वाकून बाहेर आली.

मग इंद्रजितचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

“पोचलो,” बुवा म्हणाले. “उडव.”

“बुवा, या की परत.”

“इथून छान दिसतंय. आजींनी चहा टाकलाय. उडव तू.”

त्यांच्यामागून एक म्हातारा बायकी आवाज आला. “अवं हळू बोला की. लेकराचा आत्ता कुठं डोळा लागलाय.”

बुवांचा आवाज लगेच खाली आला.

“बाकी सगळे तोडीला गेलेत,” ते म्हणाले. “आजी आहेत, त्यांची सून आहे, ओली बाळंतीण. मी आहे. हाक पापणी लवायच्या आत जुळते ना? मग उडव.”

फोन बंद झाला.

“काय माणूस आहे हा!” इंद्रजित म्हणाला.

रिमोट त्याच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेला होता. त्याने दोन्ही अंगठे विमान वळवायच्या कांड्यांवर ठेवले. मी दोर सोडायला वाकलो.

“सोडू?”

“थांब.”

त्याने अंगठे पँटला पुसले. परत कांड्यांवर ठेवले.

“लाखात एखाद्या वेळी होतंय असलं,” तो म्हणाला. “लाखात एकदा.”

आमच्यापैकी कुणीही हो म्हटलं नाही.

“मुद्दाम करायलाय म्हातारा. ह्याला काय अर्थ आहे? शिकवायचं असलं तर तोंडानं शिकवावं माणसानं.”

तो विमानाभोवती फिरला. परत जागेवर आला. पूर्वेला दाढी ओळखू येत नव्हती, फक्त एक बसलेला माणूस दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

“सोडू का?” मी पुन्हा विचारलं. मला विचारायला नको होतं, पण दोर हातात धरून माणूस किती वाकून राहणार.

“थांब म्हटलं ना!”

पद्मजाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती नळकांड्याची पिन चाचपत राहिली.

शेवटी तो करकोच्यापाशी गुडघे टेकून बसला. पंखाच्या मागच्या खिडकीवर त्याने डावा तळवा ठेवला. आतल्या म्हातारीने बघू नये म्हणून ठेवला असावा, असं मला तेव्हा वाटलं. उजव्या हाताने त्याने रिमोटवरची बटणं दाबली. फार वेळ लागला नाही.

मग उठला.

“दोर ताण,” तो मला म्हणाला.

इंजिनं परत लागली. परत शीळ, परत गर्जना. त्याने रिमोट बंद केला.

ह्या वेळी इंजिनं तिथल्या तिथे मेली. शेपटीचे पडदे एका अंगाला पूर्ण मुरडले आणि तसेच राहिले, मान मुरगळलेल्या कोंबडीसारखे. पद्मजाने तोंड फिरवलं.

इंद्रजितने फोन लावला.

“केली.”

“कुणी?”

“मी.”

पलीकडे कपबशीचा आवाज आला.

“जा,” बुवा म्हणाले.

“बुवा, आता तरी या इकडं.”

“चहा व्हायचाय अजून. आणि ऐक. ऊन तिरपं आहे. दर फेरीला शेताच्या अलीकडेच वळव. उन्हात गेलं की काळं ठिक्कर दिसतं, येतंय का जातंय कळत नाही.”

“माहीत आहे ओ.”

त्याने फोन पद्मजाच्या हातात दिला आणि इंजिनं पुन्हा लावली. मी दोर सोडला.

करकोचा पश्चिमेकडे तोंड करून धावला. सुरुवातीला जड वाटला. मग नाक उचललं, मागची चाकं सुटली आणि पट्टी त्याच्याखालून निघून गेली. चाकं पोटात गेली, झडपा मिटल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

खरं सांगतो, तो उडताना मॉडेल वाटतच नव्हता. सावकाश वळला, खऱ्या विमानासारखा, घाई नसलेला. पलीकडच्या अंगाने पूर्वेला गेला, शेताच्या पुष्कळ अलीकडे वळला आणि पट्टीवरून आमच्यासमोरून गेला. अंगावर ऊन होतं. खिडक्यांची रांग लख्ख दिसली.

“आई, बघ!” इंद्रजित म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

पद्मजाने नळकांडं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या. मघाचा सगळा ताण हातांतून निघून गेला.

“उतरवा आता,” ती म्हणाली.

“एक फेरी.”

“अहो, झालं की. वारं सुटलंय बघा.”

“एकच गं. आत्ता तर कुठं बसलीय ती.”

वारा खरंच सुटला होता. पश्चिमेकडून, पाठीवर जाणवेल इतका. पूर्वेला जाताना तो करकोच्याच्या मागून लागला आणि करकोचा मघापेक्षा वेगाने निघाला. इंद्रजित खिडक्या बघत होता. वळवायची वेळ आली ती त्याला कळली, पण उशिरा कळली.

शेत आलं. त्याने वळवायला घेतलं आणि करकोचा उन्हात शिरला.

पांढरा रंग गेला, खिडक्या गेल्या. उन्हाच्या गोळ्यात नुसता एक काळा ठिपका राहिला, दोन बाजूंना रेघा असलेला.

“दिसतंय का?” पद्मजाने विचारलं.

“दिसतंय.”

त्याने डावीकडे कांडी दिली. रेघा कलल्या. पण कुठल्या अंगाला?

“येतंय ना?” त्याने विचारलं. “इकडं येतंय ना?”

“येतंय,” मी म्हणालो.

“जातंय!” माझ्यामागून कुणीतरी ओरडलं.

येत असेल तर डावं म्हणजे एक, जात असेल तर नेमकं उलट. त्याने उजवीकडे दिलं. रेघा आणखी कलल्या. परत डावीकडे. ठिपक्याचं नाक खाली झालं आणि तो मोठा व्हायला लागला. की खाली गेल्यामुळे तसा वाटत होता, देव जाणे. डोळ्यांतून पाणी येत होतं, नीट काही बघताच येत नव्हतं.

एक मात्र सगळ्यांना दिसत होतं. ठिपक्याच्या खाली नांगरट होती आणि नांगरटीच्या पुढे तो धूर.

“बुवा…” पद्मजा म्हणाली.

खुर्ची होती तिथेच होती. बुवा उठले नव्हते.

हाक तुटलेली नव्हती. रिमोटवरचा दिवा हिरवा होता. करकोचा इंद्रजितचा प्रत्येक हुकूम ऐकत होता, जरासुद्धा न चुकता. काय हुकूम द्यायचा तेच इंद्रजितला कळत नव्हतं.

“डावीकडं! डावीकडं दे!”

“नको, ओढ वर!”

“उजवीकडं रे!”

आम्ही सगळे ओरडत होतो. लाज वाटते आता, पण त्या वेळी प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं.

इंद्रजितने आकाशाकडे बघणं सोडलं.

त्याने खाली, गळ्यातल्या रिमोटकडे पाहिलं. कांड्यांवरचे अंगठे उचलले आणि एक अंगठा मधल्या बटणावर ठेवला. चुकून धक्का लागून रिमोट बंद होऊ नये म्हणून ते बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं. उचलावंसं वाटलं तर तेवढ्यात अंगठा उचलता येतो.

त्याने उचलला नाही.

“आई गं,” तो म्हणाला.

दिवा विझला.

माळावरचा आवाज एकदम गेला. इतका गेला की वाऱ्याने फडफडणारा शेडचा पत्रा ऐकू आला. उन्हातली काळी रेघ स्वतःभोवती एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, उन्हातून बाहेर आली आणि पांढरी झाली. मग नांगरटीत धूळ उठली. धप्पकन आवाज आला तो त्याच्यानंतर.

धूर मात्र कोपीतूनच निघत होता, मघासारखाच, बारीक.

आम्ही धावलो. पद्मजा नळकांडं घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. ढेकळांत इंद्रजितचा एक बूट अडकला, तो त्याने सोडून दिला.

करकोचा नांगरटीच्या अगदी शेवटच्या ओळींत पडला होता. तिथून कोप्यांची पाचटं मोजता आली असती. नाक जमिनीत गेलं होतं, एक पंख मोडून अंगावर पडला होता. रॉकेल मातीत जिरत होतं. आग लागली नव्हती, तरी पद्मजाने सगळं नळकांडं त्याच्यावर रिकामं केलं आणि मग ती तिथेच ढेकळावर बसली.

इंद्रजित ओणवा होऊन हातांनी माती उकरायला लागला. खिडक्यांची पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघत होती. प्रवासी निघत होते. टोपीवाला, चष्म्याची पोरगी, झोपलेला जाडा माणूस. आई निघत नव्हती. त्याची नखं मातीने भरली.

कोप्यांकडून बुवा आले. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात कानतुटका कप. कपात अजून चहा होता.

इंद्रजितने त्यांना पाहिलं आणि तो तसाच गुडघ्यांवर उभा राहिला.

“हाक तुटलीच नव्हती बुवा!” तो ओरडला. “जोडलेली होती! शेवटपर्यंत ऐकत होतं माझं! मी… मीच तोडली! माझ्या हातानं!”

हातातल्या मातीत तो तोंड खुपसून मोठ्याने रडायला लागला.

बुवांनी खुर्ची खाली ठेवली. कप त्याच्यासमोर ढेकळावर टेकवला. मग हळूच ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ते म्हणाले. “लेकरू अजून झोपलंय.”